तेवात येथे रुजू

व्हिडिओ गेमच्या दुनियेत ‘ओपन वर्ल्ड’ नावाची एक जात आहे. या जातीच्या खेळात तुम्हाला एका अफाट मुलखात सोडून देतात आणि सांगतात, जा, हवं ते करा. डोंगर दिसला, चढा. नदी दिसली, पोहा. लांबवर एखादा बुरूज दिसला तर तो नुसता रंगवलेला नसतो. चालत गेलात तर पायऱ्यांसकट भेटतो. ज्याची उभी हयात सरकारी कार्यालयाच्या लेखाशाखेत ‘वरून आदेश आला की बघू’ या एका वाक्यावर निघाली, त्याला ‘हवं ते करा’ हे ऐकून आधी घाम फुटतो. मग मोह होतो. मला दोन्ही झालं, याच क्रमाने.

खेळाचं नाव गेन्शिन इम्पॅक्ट. शांघायच्या मीहोयो कंपनीचा. तिथल्या जिआओ तोंग विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी २०१२ साली ही कंपनी काढली आणि २८ सप्टेंबर २०२० रोजी हा खेळ जगापुढे आला. सगळं जग घरात कडी लावून बसलेलं असताना या मंडळींनी डोंगरदऱ्या बाजारात आणल्या. मुहूर्त काढावा तर असा. पुण्यात शिकणारा माझा भाचा म्हणाला, “मामा, एक पैसा लागत नाही.” फुकट म्हटल्यावर पुढचा प्रश्न विचारायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

खेळ फोनवर उतरवून घ्यायलाच रात्र सरली. जागा पुरेना. मग सहलींचे व्हिडिओ, कुणाच्या तरी बारशाचं अख्खं चित्रीकरण आणि व्हॉट्सॲपवर साठलेल्या ‘शुभ सकाळ’ यांना निरोप द्यावा लागला. त्या शुभ सकाळ पुसताना जे समाधान मिळालं, ते पुढे कुठल्याही राक्षसाला लोळवून मिळालेलं नाही.

कथा अशी आहे. जुळे भाऊ-बहीण एकामागून एक जगं पालथी घालत तेवात नावाच्या जगात येतात. तिथे एक अनोळखी देवी त्यांची वाट अडवते आणि दोघांची ताटातूट होते. कुणाच्या रूपाने खेळायचं ते तुम्ही ठरवायचं. ज्याला निवडणार नाही ते भावंड हरवतं. मी भावाला निवडलं. मागे उभी असलेली आमची ही म्हणाली, “बहीण हरवली नाही हो, तुम्ही हरवलीत.” खेळाला अजून धड सुरुवातही झाली नव्हती आणि माझ्यावर कौटुंबिक प्रकरण दाखल झालं होतं.

मग भेटते पाइमॉन. बुडता बुडता नायकाच्या गळाला लागलेली, हवेत तरंगणारी, पांढऱ्या केसांची बाहुलीएवढी पोरगी. ही तुमची वाटाड्या. अखंड बोलते, अखंड खायचं नाव काढते आणि स्वतःला कधी ‘मी’ म्हणत नाही. ‘पाइमॉनला वाटतं’, ‘पाइमॉनला भूक लागली’, असं तिचं चाललेलं असतं. जन्मभर ‘अधोस्वाक्षरीकर्त्याचे असे मत आहे की’ लिहिलेल्या माणसाला यात काही वावगं वाटलं नाही. ही कोण, असं कुणी विचारलं तर अडीअडचणीला खायला बरोबर ठेवलीय, असं उत्तर द्यायची सोय खेळात आहे. मी दिलं. आमच्या हीने दुसऱ्यांदा नोंद घेतली.

या खेळात कुठल्याही कड्याला नायक थेट चिकटतो आणि चढायला लागतो. दोर नाही, खिळे नाहीत. त्याच्या शेजारी फक्त एक पिवळी कमान उमटते आणि तो चढेल तशी झिजत जाते. ती म्हणजे त्याचा दम. थोडी उरली की लाल होऊन लुकलुकते, संपली की माणूस सुटतो. माझ्या पहिल्या डोंगराचा माथा हातभर राहिला होता आणि कमान नखभर. मी उडीचं बटण दाबलं. उडीला दम जास्त लागतो, ही माहिती खेळ त्याच क्षणी पुरवतो. खाली येताना देखावा सुंदर होता. पोहण्यातही हाच कायदा: तळ्याच्या मधोमध दम सरला की कारभार आटोपला.

आणि हा दम वाढवायचा कसा? तर मुलूखभर विखुरलेले चमकते मणी गोळा करून देवाच्या पुतळ्याला वाहायचे. मॉन्डस्टाट नावाच्या पहिल्याच प्रांतात असे ६६ मणी आहेत, शेजारच्या लियुएमध्ये १३१. ते असतात कुठे? बरेचसे कड्यांच्या टोकावर आणि बुरुजांच्या माथ्यावर. म्हणजे चढायचा दम यावा म्हणून आधी चढायचं. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, हे ज्याने सेवायोजन कार्यालयाच्या रांगेत ऐकलंय त्याला हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

पण एकदाचे माथ्यावर पोचलात की खोटं कशाला बोला, डोळे निवतात. तळ्यातल्या बेटावर वसलेलं शहर, पवनचक्क्या, दगडी पूल, मागे चर्चचे मनोरे. गवतातून वारा फिरतो तो दिसतो. संगीत यु-पेंग चेन या संगीतकाराचं. मॉन्डस्टाटचं वादन लंडन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राने केलंय, लियुएचं शांघाय सिम्फनीने. कुणी म्हणतात की हे सारं निन्टेन्डो कंपनीच्या २०१७ सालच्या ‘झेल्डा’ या खेळावरून उचललंय. २०१९ मध्ये, खेळ यायच्या आधीच, शांघायच्या चायनाजॉय प्रदर्शनात एकाने त्या संतापात स्वतःचं प्लेस्टेशन जमिनीवर आपटून फोडलं. निषेध म्हणून माणूस स्वतःची वस्तू फोडतो हे वाचून मी चकित झालो. आपल्याकडे निदान दुसऱ्याची फोडतात.

इतकं सगळं फुकटात दिल्यावर माझ्यातला लेखापाल जागा झाला. या सगळ्याची जमा बाजू कुठाय? ती सापडायला वेळ लागला, कारण मधल्या काळात मी तेवातच्या आस्थापनेत गुंतलो होतो.

कड्यावरून उडी टाकून पंखांवर तरंगत उतरायची या खेळात सोय आहे. पंख मिळतात अँबर नावाच्या उत्साही मुलीकडून. पंख वापरून आपण अर्धा मुलूख पालथा घातला की मग कळतं, शहरात उडायला परवाना लागतो. त्याची रीतसर परीक्षा आहे. आधी नियमांची पुस्तिका वाचायची, मग ठरलेल्या वर्तुळांतून ठरलेल्या वेळात उडून दाखवायचं. मॉन्डस्टाट हे स्वातंत्र्याच्या देवाचं शहर. इथल्या देवाने लोकांवर राज्य करायचं नाकारलं आणि निघून गेला. देव गेला, पण परवाना राहिला. मी परीक्षा दिली. एजंट न लावता काढलेला हा माझ्या आयुष्यातला पहिला परवाना.

पुढे शहराच्या सरदारांशी ओळख झाली आणि मला अगदी घरी आल्यागत वाटलं. मुख्य साहेब, वार्का, हे खेळ सुरू व्हायच्या आधीच दूरच्या मोहिमेवर गेलेले. जाताना बरीचशी फौज घेऊन गेले. मागे पदभार जीन नावाच्या बाईंकडे, ‘प्रभारी’ म्हणून. शहरावर ड्रॅगन चालून येवो की कुणाचं मांजर हरवो, फाइल जीनबाईंच्या टेबलावर. त्या थकतात, चक्कर येऊन पडतात, उठून पुन्हा कामाला लागतात. त्यांना कायम करावं असं कुणाच्या मनात येत नाही. आणि काया नावाचा एक देखणा, एका डोळ्यावर पट्टी बांधलेला अधिकारी आहे. तो घोडदळाचा कप्तान. पण घोडे साहेब मोहिमेवर घेऊन गेले. त्यामुळे संबंध मॉन्डस्टाटात औषधालाही घोडा नाही, पद मात्र भरलेलं आहे आणि कप्तान वेळेवर हजर असतो, बहुतेक गुत्त्यात. शांघायच्या पोरांना आपल्या आकृतिबंधाची इतकी बारीक माहिती कुणी पुरवली, कळत नाही.

लढाईबद्दल थोडं सांगायला हवं, कारण खेळ मारामारीचा आहे. तेवातमध्ये सात तत्त्वं: वारा, दगड, वीज, वनस्पती, पाणी, आग आणि बर्फ. तुमच्या चमूत चार जण, मैदानात एका वेळी एकच. बाकीचे तिघं कुठे जातात ते विचारायचं नाही. खरी गंमत तत्त्वांच्या मिश्रणात आहे. शत्रू भिजलेला असताना बर्फ मारला तर तो गोठतो, वीज मारली तर कडकडत राहतो. आगीवर वीज पडली तर स्फोट. पाऊस पडत असेल तर सगळेच आपोआप ओले, त्यात आपणही. अँबर आगीचे बाण मारते. मुखवटेवाल्या हिलिचर्ल टोळीच्या लाकडी ढाली तिने पटापट पेटतात. मात्र लढाई गवतात असेल तर गवतही पेटतं, त्यावर नायकाने वाऱ्याचा झोत मारला तर आग आणखी पसरते आणि ती आपला-परका बघत नाही. शत्रू ढाल टाकून बाजूला झाला, आम्ही भाजत राहिलो, पाइमॉन तेवढी हवेत सुरक्षित.

भाजलात तर खायचं. खेळातलं सगळं वैद्यक स्वयंपाकघरात आहे. ऐन लढाईत पिशवी उघडली की काळ थांबतो; शत्रू कुऱ्हाड उगारून तिष्ठत उभा राहतो आणि तुम्ही निवांत कोंबडी-मशरूमच्या कांड्या चापता. पोट भरलं की मात्र पुढचा घास नाकारला जातो. मेलात तर? त्यावर उपाय तळलेलं अंडं. अक्षरशः. एक अंडं तव्यावर टाका, मेलेल्या सोबत्याला द्या, तो उठून तलवार परजतो. चातुर्मासात मेलं तर काय करायचं, ही अडचण कंपनीने लक्षात घेतलेली दिसत नाही. कोंबडीवरून आठवलं: शहराच्या पुलावर एक पोरगं कबुतरांना दाणे घालत असतं. ती कबुतरं मारली की फुकट मांस मिळतं, पोरगं मात्र चिडतं. भाच्याने मला शिकवलेलं उत्पन्नाचं पहिलं साधन हे. दादरच्या कबुतरखान्यापाशी हा उपाय कुणी सुचवू नये.

उत्पन्नाचं दुसरं साधन म्हणजे नोकरी. साहसवीर संघ नावाची एक संस्था तेवातभर पसरली आहे. तिच्या खिडकीवर कॅथरीन नावाची बाई बसते. जेवणाची सुट्टी नाही, चहा नाही, मध्यरात्री गेलात तरी हसून स्वागत. दुसऱ्या शहरात गेलात तर तिथल्या खिडकीवरही हीच कॅथरीन, तेच हसू. बदली नाही, बढती नाही. ती रोज चार कामं देते. कुणाला डबा पोचव, पण धक्का लावू नकोस. फुग्याला बांधलेला माल डाकूंपासून वाचव. अमुक ठिकाणचे बुळबुळीत गोळे साफ कर. चारही कामं झाली की खिडकीवर जाऊन हजेरी द्यायची, मग पूर्ण मोबदला मिळतो: प्रायमोजेम नावाचे ६० खडे. आशियाच्या सर्व्हरचा दिवस आपल्याकडे रात्री दीड वाजता संपतो. भाचा एकदा मुक्कामाला आला असताना एक वाजून पंचवीस मिनिटांनी उठून बसला. “काय रे, बरं नाही का?” मी विचारलं. म्हणाला, “कमिशन्स राहिलीत.” याच मुलाने गेल्या सत्रात कॉलेजात पंचाहत्तर टक्के हजेरी भरली नव्हती म्हणून ताईला प्राचार्यांपुढे उभं राहावं लागलं होतं.

मी नोकरीला कंटाळून खेळात गेलो होतो. तिथे मी स्वखुशीने रुजू झालो, तेही रोजंदारीवर. आणि आवडलं, हे विशेष. जगात कुठेही जायची मोकळीक आहे आणि मी सकाळी चहाबरोबर कॅथरीनबाईंच्या खिडकीवर.

वर शिधाही मोजून मिळतो. त्याचं नाव रेझिन. मोठा शत्रू लोळवलात, घामाघूम झालात, समोर बक्षिसाचं फूल उमललं, तरी ते उघडायला रेझिन लागतं. ते दर आठ मिनिटांना एक तयार होतं आणि २०० च्या वर साठत नाही. पूर्वी ही मर्यादा १६० होती. २०२४ मध्ये ती वाढवली तेव्हा जगभरच्या खेळाडूंनी महागाई भत्ता जाहीर झाल्यावर होतो तसा जल्लोष केला. लढाई हवी तेवढी करा, बिल मात्र मंजूर मर्यादेतच निघेल.

आता जमा बाजू.

चमूत चार जण लागतात म्हटलं ना, ते चौघं येतात कुठून? दोन-चार कथेत भेटतात. उरलेले ऐंशी-नव्वदपेक्षा जास्त आहेत आणि ते आकाशातून पडतात. जपानात दुकानांबाहेर नाणं टाकून दांडा फिरवायची यंत्रं असतात. प्लास्टिकचा गोळा पडतो, आत कुठलं खेळणं निघेल ते नशिबावर. गाचा म्हणतात तो हा प्रकार, आणि तो इथे ‘विश’ या नावाने अवतरला आहे. बटण दाबलं की आकाशात उल्का येते. निळी आली तर तीन तारे, म्हणजे किरकोळ हत्यार. जांभळी आली तर चार. सोनेरी आली तर पाच, आणि घरातले लोक धावत येतील असा आवाज खेळणाऱ्याच्या तोंडून निघतो.

एका विशला १६० प्रायमोजेम. नसतील तर विकत. मात्र रुपये देऊन थेट विश विकत मिळत नाही. रुपयांचे होतात जेनेसिस क्रिस्टल, क्रिस्टलचे प्रायमोजेम, प्रायमोजेमचे ‘फेट’ नावाचे चमकते गोळे, आणि गोळा टाकला की विश. चार टेबलं फिरून आल्यावर फाइलमधला मूळ कागद सापडत नाही हे मला ठाऊक आहे. इथे सापडत नाही तो रुपया. शिवाय खेळातलं रोजच्या वापराचं चलन वेगळंच, त्याचं नाव मोरा. मला ते नाव ऐकून उरणच्या मोरा बंदराची लाँच आठवते, पण तो माझा प्रश्न.

पाच तारे पडायची शक्यता ०.६ टक्के. हजारात सहा. हे कुणी फोडलेलं गुपित नव्हे, खेळातच तपशिलाच्या पानावर छापलेलं आहे. चीनमध्ये २०१७ पासून असे आकडे जाहीर करणं सक्तीचं आहे. जपानने २०१२ मध्येच गाचाच्या एका जास्त चिवट प्रकारावर बंदी घातली, ज्यात ठरावीक तुकड्यांचा संच पुरा केल्याशिवाय मोठं बक्षीस मिळत नसे. अमेरिकेत तर खुद्द याच खेळाचं प्रकरण २०२५ च्या जानेवारीत फेडरल ट्रेड कमिशनकडे दोन कोटी डॉलरवर मिटलं, आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय असे नशिबाचे डबे विकायचे नाहीत असं ठरलं. माझं वय सोळाच्या पुष्कळ वर आहे. संमती मात्र मलाही घ्यावीच लागते.

हजारात सहा हे वाचून कुठलाही शहाणा माणूस फोन बाजूला ठेवेल. पण त्याच पानावर खाली दुसरी ओळ आहे: नव्वदाव्या विशपर्यंत पाच तारे हमखास. इथे मध्यमवर्गीय माणूस घसरतो. आमचे वडील महाराष्ट्र राज्य लॉटरीचं तिकीट नेमाने घेत. १९६९ साली ती सुरू झाली, तेव्हापासून. उत्तेजनार्थ बक्षिसापलीकडे काही लागलं नाही आणि पुढे त्यांनी नाद सोडला. पण तिकिटामागे ‘नव्वदाव्या तिकिटाला बक्षीस नक्की’ असं छापलं असतं तर? वडिलांनी त्याचं वेगळं पासबुक केलं असतं. जुगाराला आम्ही भितो. हप्त्याला भीत नाही. या खेळाने जुगाराचा हप्ता करून दिला आहे. मी लगेच वही काढली. नव्वद गुणिले एकशे साठ, १४,४००. रोजचे ६० धरले तर २४० दिवस. आठ महिन्यांची आवर्त ठेव, परतावा एक माणूस.

त्यातही मेख आहे. एकेक पात्र पाहुणा म्हणून ठरावीक काळ फेरीला लागतं. ज्या पाहुण्यासाठी तुम्ही साठवताय, त्याच्या फेरीत पाच तारे पडले तरी तो स्वतः पडेलच असं नाही. निम्म्याहून जराशीच जास्त शक्यता त्याची. उरलेली शक्यता वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेल्या जुन्या मंडळींपैकी कुणाची तरी. जुनं कुणी आलं तर मात्र पुढच्या वेळी पाहुणा पक्का. भाच्याने हे सांगितलं तेव्हा मी वहीत १४,४०० च्या खाली २८,८०० लिहिलं आणि अधोरेखित केलं.

नवशिक्यांना सवलतीची एक पेटी असते. तिच्यातल्या पहिल्या दहांत नोएल ठरलेली. ही सरदारांच्या वाड्यावरची मोलकरीण. झाडलोट करते, चहा आणते आणि वेळ पडली तर स्वतःच्या उंचीची तलवार फिरवून टोळी कापते. आमची ही पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसली. “रजा घेते का हो ही?” नाही, म्हटलं. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली.

बाकी निळ्या उल्काच निळ्या. त्यातून हत्यारं पडतात. डिबेट क्लब नावाचा एक लोखंडी सोटा मला इतक्या वेळा मिळाला की वादविवाद मंडळाची जिल्हा शाखा काढता यावी. एक जाडजूड पुस्तकही मिळतं, ड्रॅगन मारणाऱ्यांच्या रोमहर्षक कथांचं. तेही हत्यारच; ते हवेत तरंगतं आणि शत्रूला इजा होते. दिवाळी अंकांच्या संपादकांनी याकडे लक्ष द्यावं.

माणसं मिळाली तरी ती आयती उपयोगी पडत नाहीत. त्यांना वाढवायला रत्नं लागतात, आणि त्या रत्नांची नावं बघून मी चष्मा पुसला. आगीच्या रत्नाचं नाव अग्निदस. पाण्याचं वरुणद, वाऱ्याचं वायुद, विजेचं वज्रद, दगडाचं पृथिव, वनस्पतींचं नागदस, आणि बर्फाचं शिवद. शिव बर्फात का, तर पत्ता कैलासाचा म्हणून असावं. खेळाचा मजकूर पंधरा भाषांत मिळतो, त्यांत भारतातली एकही नाही. पण संस्कृतचं सामान भरपूर. पुढे सुमेरू नावाचा प्रांत आहे म्हणे, तिथे गंधर्व नावाचं गावही आहे. पुणेकराला तिथे पोचल्यावर आधी तिकीटखिडकी शोधावीशी वाटेल.

मी साठवत होतो ते जोंगलीसाठी. आमची ही म्हणाली, “जंगली?” नव्हे. लियुए हे करारमदारांचं, व्यापाराचं बंदर, आणि जोंगली म्हणजे माणसाच्या वेषात हिंडणारा त्या बंदराचा देव. हजारो वर्षं कारभार पाहून कंटाळला आणि त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली. फक्त अर्ज देण्याऐवजी स्वतःच्या मृत्यूचा देखावा केला. निवृत्तीनंतर काय करतो? एका अंत्यसंस्काराच्या पेढीत सल्लागार आहे. तेवातचं सगळं चलन, तो मोरा, याच देवाने पाडला, आणि गडी बाजारात निघाला की याच्याकडे पाकीट नसतं. उत्तम वस्तू निवडतो, तिचा इतिहास सांगतो, पैसे दुसरा कुणीतरी देतो. निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला याहून थोर आदर्श सापडणं कठीण.

त्याची फेरी लागली. फेरी साधारण तीन आठवडे चालते आणि एकदा गेली की पुन्हा कधी येईल याचा नेम नसतो. मी कथा खेळून, पेट्या फोडून आणि चाकरी करून प्रायमोजेम जमवले होते. एक रुपया घातला नव्हता. भाचा मुद्दाम आला. पुतळ्यासमोर उभं राहून विश करावी की बंदरावर, यावर त्याच्या मित्रांत दोन पंथ आहेत. तोच भाचा, जो वास्तुशांतीला ‘मामा, हे सगळं थोतांड आहे’ म्हणाला होता, आता मला म्हणाला, “मामीच्या हाताने दाबूया, तिचं नशीब फ्रेश आहे.” मामी हात पुसत आली. “यात पैसे नाहीत ना जात?” “नाही गं, फुकटच आहे.” दहा निळ्या-जांभळ्या उल्का पडल्या. पुन्हा दहा. मी वहीत खुणा करत होतो. मग आकाश सोनेरी झालं आणि भाच्याने असा आवाज काढला की शेजारचे काका दारात आले.

सोनेरी झोतातून एक लहान मुलगी उतरली. कपाळावर मंत्राची चिठ्ठी, जांभळे केस, चेहऱ्यावर काही नाही. भाचा मटकन खाली बसला. “चीची,” तो म्हणाला, जसं कुणाला देवाज्ञा झाल्याचं सांगतात. जुन्या मंडळींपैकी हीच पदरी पडू नये असं बहुतेकांना वाटतं. औषधाच्या दुकानात काम करते, वनस्पती गोळा करते. मेलेली आहे, पण कामावर येते. स्मरणशक्ती जवळजवळ नाही, म्हणून सगळं वहीत लिहून ठेवते.

“पोर गोड आहे की,” आमची ही म्हणाली. “आणि अगदी तुमच्यावर गेलीय. वही नसली तर तुम्हाला तरी काय आठवतं?”

“मामी, ही कुणालाच नको असते.”

“का? आवडतं काय तिला?”

भाच्याने बघून सांगितलं, “नारळाचं दूध.”

आमची ही मालवणची. पुढचा प्रश्न तिने विचारलाच नाही. चीची चमूत आली, काया बाहेर गेला. त्याला तसेही घोडे नव्हतेच.

भाचा माझी समजूत घालायला लागला. “मामा, वाईट वाटून घेऊ नको. आता पुढचा गॅरंटीड आहे. फेरी परत कधी येईल सांगता येत नाही, पण आली की जोंगली तुझाच.” तो बोलत होता तोवर मी नोंद करून मोकळा झालो होतो. जमा बाजूला चीची, एक नग. तिच्याखाली जोंगली, आणि नावापुढे ‘येणे बाकी’. करारांचा देव आहे, बुडवायचा नाही. फक्त वसुलीला जाईन त्या दिवशी त्याच्याकडे पाकीट असलं म्हणजे झालं.